केसलीची घुगरी

६ जाने. १९६४, सोमवार

बाजाराचा दिवस, दवाखान्यात जत्रा. महागावकडच्या बंजारा तांड्यावरची केसली नवऱ्याच्या गोळ्या न्यायला आली. थावराला क्षय. पावसाळ्यापासून मोफत कार्डावर औषध चालू आहे, खोकल्यातलं रक्त थांबलंय. आता कार्डावर नव्या वर्षाचा शिक्का हवा. मागच्या खेपेला मीच तिला म्हटलं होतं, शिक्का देणाऱ्या बडेबाबूंसमोर जायचंय, नीटनेटकी होऊन ये. तर बाई जावेचे, नणंदेचे दागिने मागून घेऊन नखशिखांत नटून हजर! बाबूंनी गरिबीचा दाखला वाचला, तिच्याकडे पाहिलं, कार्ड बाजूला सारलं. मी भांडले. "सिस्टर, वर जाब मले द्या लागते," म्हणाले. आठवड्याच्या गोळ्या तेवढ्या मिळाल्या.

शहाणपण माझं, भोगणार ती.

८ जाने.

डॉ.सा. महिनाभर रजेवर. नाहीतर त्यांच्या कानावर घातलं असतं. ड्यूटी, भाकरी, झोप. दिवसभरात कामाशिवाय एक शब्द कुणाशी नाही.

१३ जाने., सोमवार

केसली उसनं सगळं उतरवून आली. तरी बाबूंचं बोट तिच्या कानशिलाकडे. केसांत गुंफलेली घुगरी, चांदीची. ती आणि दंडातल्या बांगड्या, त्या बलिया, काढून ये, मग पाहू म्हणाले. एरवी मान वर न करणारी ही, सरळ बोलली, "मालक जिता हाये. घुगरी काहून काढू?"

त्यांच्यात नवरा गेल्यावरच घुगरी उतरते. बाबूंना परोपरीनं सांगितलं. त्यांचं एकच, चांदी ती चांदी. कंपाउंडरच्या हातापाया पडून आणखी एका आठवड्याच्या गोळ्या काढल्या. पुढे मागू नका म्हणाला.

हे गेले तेव्हा माझं सगळं बायकांनीच उतरवलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. केसलीचा हेवा वाटला, खरं सांगायचं तर.

१४ जाने.

संक्रांत. क्वार्टरांत हळदीकुंकू. बोलावणं सगळ्या दारांवरून फिरलं, माझं वगळून. इतक्या वर्षांची सवय, तरी दार लोटून घेतलं. संध्याकाळी शेजारच्या सुमनबाईंनी तिळगूळ पाठवला. एकटीनं खाल्ला. गोड बोलायचं कुणाशी?

२० जाने., सोमवार

केसली दवाखान्यात न जाता थेट माझ्या खोलीवर. दार लावलं, खाली बसली आणि घुगरी सोडवू लागली. मी म्हटलं, अगं, हे काय करतेस?

"गोळ्या बंद झाल्या तं कायमची काढा लागन, बाई. आज घडीभर."

बलियाही उतरवल्या, तेल लावून, कण्हत. सगळं माझ्यापुढे धरलं. मी हात मागे घेतले. मी विधवा आहे, माझ्या हाती नको देऊस, असं बोलून गेले.

"मले ठाव हाये, याडी. धर."

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मी पदर पसरला. ती बाबूंकडे जाऊन येईपर्यंत तशीच बसून होते, उठायचीही भीती वाटली.

शिक्का बसला, आठवड्याच्या गोळ्याही मिळाल्या. बाबूंनी मान वर करून धड पाहिलंही नाही म्हणे. परत आली, पण तिच्या हातून घुगरी केसांत बसेना. मग मीच गुंफली. सवाष्णीच्या हातचं काम, मी केलं. चहा ठेवला. ती बशीत ओतून प्यायली, हसली, गेली. खोलीत दोन कप विसळायला होते. किती दिवसांनी.

२७ जाने., सोमवार

आज केसली आली नाही.

कार्ड चालू आहे, पुडी बांधून तयार. बाजार उठेपर्यंत फाटकाकडे बघत राहिले. शेवटची एस.टी. गेली. कापूस वेचायला गेली असेल. पोर आजारी असेल. बस चुकली असेल. त्या बाजूचं कुणी भेटेना, विचारावं तर.

विधवेचा हात वगैरे मी मानत नाही. शिकलेली बाई आहे. सकाळपासून हेच मनाशी घोकतेय.

थावराजवळच्या गोळ्या आज संपल्या असतील. उद्याची रजा मागितली आहे. पहिल्या गाडीनं पुडी घेऊन तांड्यावर जाईन. ती झोपडीतून बाहेर येईल. थावरा कसा आहे, हे मी नंतर विचारणार. आधी तिच्या कानशिलाकडे बघणार.