नवाबी कोटाची डागडुजी

२२ एप्रिल
आज वडवणीच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगातून एक कोट घेतला. गडद मरून, बंद गळा, पितळी बटणं. विकणारा म्हणाला, हैदराबादकडला माल हाय. ते मला आधीच कळलं होतं. निजामाच्या काळातल्या कापडाचा पोतच वेगळा. कुठल्या तरी नवाबाच्या घरातून निघाला असणार. बाकीची गिऱ्हाइकं टी-शर्ट उपसत होती. पारख लागते.

कोटाचं कारण: ११ मेला बंकटच्या धाकटीचं लग्न, दिंद्रुडला. बंकट माझा सख्खा लहान भाऊ. आई गेल्यापासून आमचं बोलणं बंद. कशावरून, ते मी विसरलो. तो मात्र धरून बसलाय. पण आता व्हॉट्सॲपवर पत्रिका पाठवली, म्हणजे पहिलं पाऊल त्याने टाकलं. दुसरं मी टाकेन. कोट घालून.

२३ एप्रिल
पत्रिका मोठी करून वाचली. निमंत्रकांत चुलते आहेत, चुलत चुलते आहेत, गावचे दोन कंत्राटदारही आहेत. माझं नाव राहिलं. छपाईवाल्यांची चूक. लग्नात माइकवरून मान्यवरांना पुकारून फेटे बांधतात, तेव्हा ती आपोआप दुरुस्त होईल. 'नवरीचे सख्खे चुलते, पंचायत समितीचे रिटायर्ड सीनियर क्लार्क सुंदरराव.' असं पुकारल्यावर उठून उभं राहणारा माणूस कोटात पाहिजे.

२५ एप्रिल, सकाळी
कोटाला वास येतो. डांबरगोळ्या, घाम आणि तिसरं काहीतरी. यूट्यूबवर सांगतात, उलटा करून उन्हात घाला, मग व्हिनेगरचं पाणी फवारा. व्हिनेगर नव्हतं. लिंबू पिळलं. आंबट ते आंबटच.

संध्याकाळी
लिंबाचे पांढरे डाग पडले. वास आहेच. कपड्यांचं सगळं माझी बायको वनमाला बघायची. ट्रंकेत लिंबाचा पाला घालायची ती, कडुलिंबाचा. तिला जाऊन दोन वर्षं झाली. मी नुसता हात लांब करायचो, शर्ट हातात यायचा.

२८ एप्रिल
ओट्यावर बसून जुन्या टूथब्रशने डाग घासले. शेजारच्या केसरबाई थांबल्या. म्हणाल्या, "भाऊ, कावून एवढं घासायलात? ह्यो कोट कुटं तरी बगितल्यावानी वाटायलाय." चांगली वस्तू ओळखीचीच वाटते. त्यांना चहाला थांबा म्हणालो. त्या कुकर लावलाय म्हणून गेल्या. चहा दोन कप टाकून झाला होता. दोन्ही मीच प्यालो.

१ मे
नवा शोध. दोन्ही खांद्यांवर कापड जास्त गडद आहे. तिथून काहीतरी उसवून काढलंय. बाह्यांवरही सुईच्या भोकांची रांग. जरीकाम असणार. पडत्या काळात नवाबांनी जर विकून खाल्ली. आतल्या खिशात वेताची एक पातळ पट्टी मिळाली, टोकाला झिजलेली. दात कोरायची असावी. काय ऐट.

कोट पोटावर लागत नाही. उद्यापासून रोज अर्धा तास चालणे.

५ मे
चाललो नाही. ऊन फार. त्यापेक्षा टेलरकडे जाऊन पोटात कापड सोडवणं सोयीचं. हरिओम टेलरने कोट बघितला, मग मला बघितलं. कुठं घालायचाय, विचारलं. भावाच्या घरी लग्नात, म्हणालो. तर म्हणतो, "साहेब, पांढरा शर्ट घाला की. लई शोभतो तुमाला." जुन्या कारागिराचं काम आजकालच्या टेलरला सहन होत नाही. बटणं मात्र सरकवून दिली.

८ मे
चिंच लावून बटणं घासली. लखलखीत. कोपरावर कापड चमकत होतं म्हणून ओलं फडकं टाकून इस्त्री केली. आता जास्त चमकतं. रुबाब म्हणून चालून जाईल.

कोट घालून आरशापुढे उभा राहिलो. बंकटशी काय बोलायचं याची प्रॅक्टिस. "काय बे बंकट" म्हणून पाहिलं, जुन्यासारखं. जमेना. "कसा आहेस रे" म्हणालो आणि जाऊन तोंडावर पाणी मारून आलो. उन्हाचा त्रास.

११ मे, सकाळी
अस्तर ऐनवेळी सुटलं. कोट अंगात असतानाच टाके घातले. शर्टही धरला गेला. फायदाच आहे, कोट घसरणार नाही.

१२ मे
कालचं लिहितो.

एसटीने घात केला, पोचायला उशीर झाला. मंडपाच्या तोंडाशी फेटेवाल्या एका पाहुण्याने माझा दंड धरला. "काका, इकडं कुटं? तुमची मंडळी मागं हायेत." घरच्यांची वेगळी सोय असेल म्हणून गेलो. मंडपामागे दहा-बारा जण बसले होते. मरून कोट, बंद गळा, पितळी बटणं. त्यांच्या खांद्यांवर सोनेरी झालर होती, एवढाच फरक.

बँडमास्तर बन्सीने माझी बाही चाचपली. म्हणाला, "ह्यो आमचाच जुना ड्रेस हाय. नवे शिवले तवा इकलेते." खिशातली पट्टी क्लॅरिनेटच्या तोंडाला लावून फुंकायची निघाली. कोट काढून आत जावं म्हटलं, तर शर्टासकट निघायला लागला. बसलो मग तिथंच.

माइकवरची सगळी नावं तिथून ऐकू आली. चेअरमन झाले, कंत्राटदार झाले, एक पाहुणा तर दोनदा झाला. माझं नाव आलं नाही. यादी लांब असते.

मंगलाष्टकं झाल्यावर बन्सी म्हणाला, "जेवलाव का न्हाई? बसा आमच्यात." अख्ख्या लग्नात मला हे त्याने एकट्याने विचारलं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

बँडवाल्यांच्या पंगतीत बंकट स्वतः वाढायला आला. केस सगळे पांढरे झालेत त्याचे. चालतो अगदी आईसारखा, एका पायावर भार देऊन. "पोटभर जेवा, लाजू नका," म्हणत एकेकापुढे येत होता. माझ्यापुढे आला. मी वर पाहिलं. तो पानात पाहत होता. मी पाठ केलेलं वाक्य जुळवायला लागलो. त्याने जिलेबी वाढली आणि पुढे गेला.

पण इतरांना एकेक वाढली. मला दोन. म्हणजे ओळखलं त्याने. चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून तसं सांगितलं. दोन जिलेब्या कोणी परक्याला वाढत नाही. बोलणं सुरू झालं असं धरायला हरकत नाही. एक-दोन दिवसांत फोन येईल.

१५ मे
फोन आला नाही. आज आंघोळीलाही फोन पिशवीत घालून न्हाणीच्या दारातल्या खुंटीवर टांगून गेलो होतो.

त्या जिलेब्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. पानात तोडून मीच वेगळ्या केल्या.