डीजे किती मोठा आहे?

तीर्थरूप ताईला,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तरी वाकूनच लिहितो आहे. का धरली ते पुढे येईल.) भाऊजींचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो, प्रार्थनेत रोज त्यांचं नाव घेतो. पोरीचं हे पहिलं काम धड झालं नाही तर तिला परत पाठव, भाऊजींच्या छपाईच्या दुकानात बसेल, असं तू बजावलं होतंस. म्हणून सगळी हकिगत कळवतो.

झालं असं, पॅकिंगच्या कारखान्यातल्या मॅनेजरचा फोन मीच घेतला. तुमच्याकडे डीजे आहे म्हणे, किती मोठा? मी म्हटलं, माझ्या खांद्याला लागते. टेम्पोत बसेल ना? बसेल, पण पुढे, ड्रायव्हरशेजारी. मागे बसली की तिला मळमळतं. आवाज कसा आहे? गोड आहे, रागावली की तेवढा चढतो. गृहस्थांनी आवाजाचं तेवढं पुन्हा विचारून घेतलं (मला वाटलं, भारावले) आणि कारखान्याच्या समारंभाचं काम ठरलं.

ताई, त्यांना हवी होती स्पीकरची भिंत आणि मी देऊन बसलो तुझी लेक! हॉलवर पोचलो तर पोरीजवळ गाणी जुळवायचं ते दोन थाळ्यांचं यंत्र, गळ्यात हेडफोन, आणि आवाज बाहेर काढायला काहीही नाही. मॅनेजर म्हणाले, स्पीकर कुठे? पोर म्हणाली, ते तुमच्याकडे असणार ना? मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर पाहिलं.

"राहू द्या मॅडम," मॅनेजर म्हणाले, "तुम्ही फोटोपुरत्या उभ्या राहा. गाणी आमचा वायरमन मोबाइलवर लावेल."

"फोटोच हवा असेल तर भिंतीला टांगा की! मी वाजवीन, नाहीतर घरी जाईन."

घरी म्हणजे तुझ्या घरी, हे मला कळलं. बोलता बोलता ती यंत्राची वायर गुंडाळायलाही लागली होती.

मी गल्लीत फोन फिरवले. शिंपीणबाई शिवणवर्गातला स्पीकर कडेवर घेऊन आल्या, व्यायामशाळेच्या बाईंनी त्यांचे दोन आणले, आणि मी (देवा, क्षमा कर) आमच्या प्रार्थनामंडळाचे उचलले. एकाची वायर दुसऱ्याला लागेना. शिंपीणबाईंनी कात्रीने वायरी सोलल्या, पोरीने जोडल्या आणि हेडफोन एकाच कानाला लावला. मला वाटलं, कान दुखतोय. तर नाही; एका कानाने चालू गाणं ऐकायचं, दुसऱ्याने पुढचं, आणि दोन्हींचा ठेका जुळला की सोडायचं. इतकी वर्षं प्रार्थनेला बसतो, पण मला दोन्ही कानांनी मिळून एक ओळ धड ऐकता येत नाही.

आणि मग जे सुरू झालं! भिंतीला चिकटलेल्या पॅकिंगच्या बायका पुढे सरकल्या, मॅनेजरांचा टाय गळ्यातून डोक्यावर गेला, आणि मंडळाचे ते सोशिक स्पीकर जन्मात पहिल्यांदा खदखदून हसले.

भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. स्पीकर उचलून कंबर धरली असं मी मंडळात सांगितलं आहे. तू विचारलंस तर खोटं बोलवणार नाही. मी नाचलो.

आणखी ता. क. पोरीला न्यायला येणारच असशील तर येत्या शनिवारी ये. व्यायामशाळेत तिचा कार्यक्रम आहे, गल्लीनेच ठरवला आहे. ती स्वतःहून तुला बोलवायची नाही, पण पुढच्या रांगेत तुझ्या नावाची खुर्ची ठेवून घेतली आहे तिने. बसायला तिथे कुणी खुर्ची वापरत नाही. पर्स ठेवायला बरी पडते.