एका ओळीत दोन सुनीता

२१ जुलै, सोमवार. लातूर

मेलच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आज निघाली. फुकटचा प्रोग्राम, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला. कोण कोण वापरतं हे लिहिणाऱ्यांनाही ठाऊक नाही. त्यात माझं काम दोन ठिकाणी. एक शोध. 'पाटिल' टाका नाहीतर 'पाटील', दोन्ही सापडतात. ह्रस्व-दीर्घाचा फरक मिटवून टाकला. दुसरं यादी. तोच मेल दोनदा आला असेल तर आता एकच ओळ दिसते. वर्षभर कॉलेजातलं शिकवणं सांभाळून केलं.

दुपारी दादाचा नांदेडहून फोन. आपल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आणि बिलोलीच्या कलेक्शन सेंटरवर, दोन्हीकडं आजच टाकून घेतलं म्हणे. "बिलोलीची संगीता सिस्टर लई खूष हाय. पेशंटचं नाव कसंबी लिहा, रिपोर्ट सापडून राहिला."

मी म्हटलं, दादा, दोन-चार आठवडे थांबायचं होतं की.

"का? तुझंच हाय ना?"

वर्गात चुकलं तर फळा पुसता येतो.

२६ जुलै, शनिवार

काही विशेष नाही. तरी सारखं उघडून बघते. प्रोग्रामच्या आपोआप चालणाऱ्या तपासण्या सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. आई, आमची अव्वा, म्हणाली, "दूध उतू जातंय का बघितल्यासारखी काय बघतीस?" हसले. पण बघितलंच परत.

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळी प्रॅक्टिकलच्या आधी प्रकल्पाच्या पानावर एक तक्रार. अनोळखी माणूस. चारच ओळी, राग नाही काही नाही. 'दोन वेगळ्या माणसांविषयीचे दोन मेल, शोधल्यावर यादीत एकच ओळ. दुसरा कुठं गेला?'

पाच मिनिटांत कळलं. दोन मेल सारखे आहेत का, हे ठरवताना मी पाठवणारा, तारीख आणि विषय बघते. आणि विषय कुठला घेतलाय, तर शोधासाठी ह्रस्व-दीर्घ मिटवलेला. म्हणजे नावात एका वेलांटीचा फरक असलेली दोन माणसं, दिवस एक, पत्ता एक, की झाली एकच. दुसरा मेल जागेवर असतो. दिसत नाही एवढंच.

एवढंच!

दादाच्या लॅबमधून रिपोर्ट जातो तेव्हा विषयात फक्त पेशंटचं नाव असतं. मराठीत. टाइप करणाऱ्याच्या मर्जीनं ह्रस्व नाहीतर दीर्घ.

प्रॅक्टिकल घेतलं. काय शिकवलं आठवत नाही.

चार वाजता दादाला सांगितलं. तो म्हणाला, "बिलोलीचा कॉम्प्युटर तुला तिथनं बघता येतो का?"

१२ ऑगस्ट, मंगळवार

रजा टाकली. सिस्टरनं बिलोलीचा कॉम्प्युटर चालू करून दिला, मी लातुरातून बघितलं. लपलेले मेल दाखवणारा छोटा प्रोग्राम लिहिला. पंधरा ओळींचा. बोटं इतकी चुकत होती की तेवढ्याला तास गेला.

अकरा लपलेले. दहा खरोखरच दुबार पाठवलेले. अकरावा नाही.

२३ जुलै. 'सुनिता कदम', वय ३४. स्तनातली गाठ, सुईची तपासणी, साधी गाठ. आणि त्याच दिवशी 'सुनीता कदम', वय ५२. तीच तपासणी. खाली दादाची सही. कर्करोग.

यादीत पहिली दिसत होती. दुसरी तिच्याखाली. वीस दिवस.

दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ही स्लाइड मला आठवते." मग म्हणाला, "पहिले असला रिपोर्ट निघाला की मी स्वतः डॉक्टरला फोन करायचो. मेल जायला लागल्यापासून सोडून दिलं."

१३ ऑगस्ट, बुधवार. बिलोली

पहाटेच्या बसनं नांदेड, तिथून दादाच्या गाडीत.

सेंटर म्हणजे दवाखान्याशेजारची एक खोली. संगीता सिस्टरनं रजिस्टर काढूनच ठेवलेलं. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या. त्यांनी सांगितलं, आधी चौतीसची, लहान सुनीता आली, तिचा कागद तिनं नेला. दोन दिवसांनी मोठी आली. सिस्टरनं नाव टाकलं, एकच ओळ आली, तीच छापून दिली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कागदावरचा निकाल वाचला आणि "काळजी करू नका" म्हणून घरी पाठवलं.

"मॅडम, मी नाव बघितलं," सिस्टर म्हणाल्या. "वय न्हाई बघितलं. वीस वर्षं झाली करून राहिले, पण वय न्हाई बघितलं."

मी म्हटलं, सिस्टर, तुम्हाला दुसरा मेल दिसलाच नाही. तो मी लपवला.

त्यांना कळलं नाही. परत सांगितलं. तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी खाली बघितलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सुनीताबाईंचा फोन बंद. दुपारी सिस्टरला नवऱ्याचा नंबर सापडला. तो म्हणाला, "ती लेकीकडं हाय, अहमदपूरला. लेकीचं दिवस भरत आलेत. काय काम व्हतं? रिपोर्ट तर चांगला आलाय की."

सिस्टर कशाबशा "एक कागद द्यायचा राहिलाय" म्हणाल्या आणि पत्ता घेतला.

मला वाटत होतं पत्ता मिळू नये. हे लिहून ठेवते, नाहीतर उद्या स्वतःशीच खोटं बोलेन.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. अहमदपूर

कॉलेजचं झेंडावंदन उरकून एसटी धरली. दादा नांदेडहून आला. स्टँडवरनं सोबत गेलो.

मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागं दोन खोल्यांचं घर. सुनीताबाई दारातच वाती वळत बसलेल्या. ठेंगण्या, गोल चेहरा, हसऱ्या. डॉक्टर आलेत म्हटल्यावर लेकीला चहा टाकायला सांगितला. लेक अवघडलेली, भिंतीला धरून आत गेली.

"तिला नका उठवू," दादा म्हणाला.

"असूंद्या. तेवढंच चालणं व्हतंय."

दादानं सांगितलं. मी सांगणार होते, पण तो म्हणाला डॉक्टर मी आहे. फार चांगलं सांगितलं त्यानं. घाई नाही, जड शब्द नाहीत. तुमचा कागद दुसऱ्या बाईचा होता. तुमचा खरा कागद हा. गाठ चांगली नाही. उपचार आहे, पण आता वेळ घालवायचा नाही.

त्यांनी पिशवीतून जुना कागद काढला. चार घड्या घातलेला.

"नाव तर माझंच हाय," म्हणाल्या.

मी वयावर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं. "चौतीस," म्हणाल्या आणि एकदम हसू आलं त्यांना. "मला कुणी चौतीसची म्हणंल व्हय?" मग हसू थांबलं. चेहऱ्यावरचं सगळंच थांबलं.

मी म्हटलं, ताई, चूक माझी आहे. तुमचा कागद दिसेनासा करणारा प्रोग्राम मी लिहिला.

"म्हंजी तुमी मुद्दाम केलं का?"

"नाही."

"मग?"

आतून लेकीनं विचारलं साखर कुठं ठेवलीस. त्या हळूच म्हणाल्या, "तिच्यासमोर बोलू नका. हिच्यात आता जीव हाय दुसरा." आणि मोठ्यानं, "फळीवर बघ गं!"

चहा प्यावा लागला.

परतताना स्टँडवर दादाला म्हटलं, हे प्रकल्पाच्या पानावर लिहावं लागेल. तो म्हणाला, "दुरुस्ती कर, पण पेशंटचं लिहू नको. कुणीतरी जोडून काढील लॅबचं नाव. पंधरा माणसं जगतात त्याच्यावर." माझी बस आली.

१६ ऑगस्ट, शनिवार

दुरुस्ती केली. तीन ओळी. आता मेलला जन्मतः मिळणारा क्रमांक जुळला तरच दोन मेल एक. पहिल्यापासून असंच करायला हवं होतं. क्रमांक कधी कधी नसतो म्हणून मी सोपा रस्ता धरला होता.

दुरुस्तीसोबतच्या नोंदीत काय लिहायचं यावर दिवस गेला. 'यादीतील दोष दुरुस्त' एवढं लिहिलं की काम भागतं. कुणी वाचणार नाही, कुणी नवीन आवृत्ती घाईनं घेणार नाही. तिथंच अडकते. जो घाई करणार नाही, त्याच्याकडं आणखी कुणाचा कागद खाली दबलेला असेल?

१७ ऑगस्ट, रविवार

लिहिलं. लॅब नाही, गाव नाही, देश नाही. पण हे लिहिलं: या दोषामुळं एका बाईला वीस दिवस चुकीचा तपासणी-अहवाल खरा वाटत राहिला, ताबडतोब बदला, लपलेले मेल असे शोधा. खाली माझं नाव.

पाठवण्याआधी दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पाठव." मग, "मला विचारू नको आता."

प्रकल्प चालवणारी हाना, दूर देशातली. तासाभरात तिनं तातडीची आवृत्ती काढली. मला वेगळं लिहिलं: तुझं काम तिघांनी तपासून आत घेतलं होतं, त्यातली एक मी. तिच्या लिपीत वेलांट्याच नाहीत, तिला कुठून दिसणार? मला दिसायला हवं होतं. मी उदगीरच्या शाळेत शुद्धलेखनाचं बक्षीस घेतलेली मुलगी.

खाली एकानं लिहिलंय, 'असल्या हौशी लोकांच्या हातात हे देऊच नये.' दहा वेळा वाचलं.

२० ऑगस्ट, बुधवार. नांदेड

सुनीताबाईंचं आज स्कॅन झालं. गाठ पसरलीय का ते कळेल. दादा सर्जनशी स्वतः बोलला, नंबर लावून दिला.

त्यांचा नवरा लॅबमध्ये आला. उंच, शांत माणूस. दादाच्या टेबलासमोर उभाच राहिला. "बसा," दादा म्हणाला. बसला नाही.

"वीस दिवस," म्हणाला. "वीस दिवसात काय फरक पडतो सांगा. पडत न्हाई म्हणलात तर मी जातो. पडतो म्हणलात तर तसं सांगा."

दादा म्हणाला, "मला माहीत नाही. खरंच माहीत नाही."

तो माणूस टोपी घालून निघून गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी दादाला पाणी दिलं तर ग्लास नुसता धरून बसला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

तक्रारीच्या पानावर दोन नवीन पत्रं. एक कुठल्याशा डोंगरी गावातला दवाखाना: 'आम्हीही हाच प्रोग्राम वापरतो, आमच्यात काही लपलंय का, कसं बघायचं?' पायऱ्या लिहून पाठवल्या. चार वेळा तपासून. उत्तर नाही अजून.

दुसरं कुणाचं ते लिहिलेलं नाही. 'आम्हाला सहा सापडले,' एवढंच. सहा काय? विचारलंय. मेल वाजला की हातातलं टाकून बघते. वर्गात मोबाइल बंद ठेवते, आणि बंद ठेवला की जास्त भीती वाटते.

२४ ऑगस्ट, रविवार. लातूर

सुनीताबाईंचा फोन. पहिल्यांदाच स्वतःहून. उद्या अकराला सर्जन स्कॅनचं सांगणार. नवऱ्याला बीपी आहे, लेकीचा नववा सरत आलाय. "तुमी याल का आत माझ्यासंगं? त्यांनला बाहीर बसवते."

मी म्हटलं, माझ्यावर राग नाही तुमचा?

"हाय की," म्हणाल्या. "लई हाय. पर तुमी आईकून घ्याल समदं. मधीच रडायला लागणार न्हाईत. घरचे रडतेत."

हो म्हटलं. फोन ठेवल्यावर कळलं की मी रडणार नाही असं त्यांनी ठरवून टाकलंय आणि आता मला तसं राहावं लागणार.

अव्वाला उद्या नांदेडला जाते एवढंच सांगितलं. तिनं पूजेतली विभूती कपाळाला लावली, कारण विचारलं नाही. सहाच्या बसला निघायचं.