शिशाची दोन अक्षरं

६ जानेवारी, सोमवार

आली बाई एकदाची गोंदियाला. कुडव्यात खोली मिळाली. खाली किराणा, समोर पंक्चरवाला, आणि घरमालकीणबाई इतकी बोलते की मला मोबाइल लागणारच नाही. बाबा सालेकसावरून सोबत आले होते. जाताना त्यांनी खिशातून एक डबी काढली. आत शिशाची दोन अक्षरं, एल आणि आर, खाली माझ्या नावाचा, मोनालीचा, बारीक एम. नागपूरहून करवून आणली म्हणे. एक्स-रे काढताना यातलं एक पेशंटच्या हातापायाशेजारी ठेवायचं, म्हणजे फोटोतच छापून येतं की हा डावा की उजवा. एकट्या नडगीचा फोटो उलटा झाला तर कोणाच्या बापाला कळत नाही. बाबांना हे मीच कधीतरी सांगितलं असेल, त्यांनी लक्षात ठेवलं.

दवाखाना खासगी आहे, गर्दी भरपूर. तीन महिने इथंच एक्स-रे काढायला शिकायचं, मग सर्टिफिकेट. एक्स-रेचे हेमेंद्र सर मोठे बोलके. माझी डबी पाहून पोट धरून हसले. ये सब म्युझियम में रख दे, म्हणाले. अक्षर काय, कॉम्प्युटरवर लावून देऊ नंतर.

८ जानेवारी, बुधवार

आज मनगटं, कोपर, एक घोटा. सर शिकवतात छान, ते मानलंच पाहिजे. हाड मोडलं असेल तर वरचा सांधा नि खालचा सांधा दोन्ही फोटोत यायला पाहिजेत. एक फोटो समोरून, एक बाजूनं. एका आजीचा गुडघा मी उशी लावून असा बसवला की आजी म्हणाली, घरी कोणी एवढ्या मायेनं पाय धरत नाही. मी लई फुगली.

सकाळी माझी अक्षरं लावली. दुपारी बाहेर रांग वाढली, सर खेकसले, तेव्हापासून डबी खिशात. साफसफाईची सुभद्राबाई कोपऱ्यातून पाहत होती. लाव पोरी, तुले काय वजन होते का, म्हणाली. सरांनी तिला चहा आणायला पिटाळलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सगळ्यांनी तिळगूळ वाटला, सरांनी तर पेशंटांनाही. त्यानंतर जे झालं ते मला नीट लिहू दे.

ट्रकवाल्याची डावी नडगी होती, मार लागलेला. सरांनी फोटो काढला, अक्षर न लावता. पडद्यावर आलं ते हाड भुंग्यानं पोखरलेल्या वाशासारखं, मधोमध भलं मोठं भोक. आणि कडेला शिशाचा आर, जरा तिरपा. पाय डावा, अक्षर उजव्याचं, आणि खोलीत अक्षर होतं ते फक्त माझ्या खिशात. सरांनी फोटो पुसला, पुन्हा काढला. पुन्हा तेच भोक, तोच तिरपा आर. मी न विचारता माझा एल ठेवला नि बटण दाबलं. हाड एकदम साफ आलं, नुसती बारीक चीर.

मशीन खराब आहे, असं सर म्हणाले. कोणाला सांगू नको, असंही.

१६ जानेवारी, गुरुवार

सुभद्राबाईला गाठलंच. बोलायला तयार नव्हती, पण मी पिच्छा सोडते होय.

शेवटी सांगितलं तिनं. दरेकसा गावची रुख्मा. जंगलात मजुरी करायची. दोन्ही पाय सुजलेले, पण हाड सडलेलं फक्त उजव्या नडगीचं. फोटो सरांनी काढला, अक्षर नंतर कॉम्प्युटरवर लावलं, आणि लावलं ते डाव्याचं. डॉक्टरनं तिचा चांगला डावा पाय कापला. उजव्यातलं विष अंगभर गेलं नि ती मेली, गेल्या संक्रांतीलाच. शुद्धीत होती तोवर एकच विचारायची, मायावाला चांगला पाय काऊन नेला? सरांनी सांगितलं की चूक शिकाऊ पोरीची, डिंपलची. डिंपलला घालवून दिलं.

मी डिंपल होणार नाही. हे इथं लिहून ठेवते.

२० जानेवारी, सोमवार

आता कळलं कसं चालतं ते. शिशाचं अक्षर ठेवलं की फोटो ज्याचा त्याचा. नाही ठेवलं की प्रत्येक पाय रुख्माचा, सडका उजवा. सर माझ्या डबीला हात लावत नाहीत. आता अक्षर लावलं तर रुख्माच्या वेळी का नाही लावलं, हे कबूल करावं लागेल ना. सगळे पाय माझ्याकडे ढकलतात.

आज मी डबा खायला गेली, तेवढ्यात त्यांनी एका बाईच्या नडगीचा फोटो काढून घाईत, न पाहताच वर डॉक्टरकडे पाठवला. भोकवाला. बाईला पाय कापायला टेबलावर घेतलं होतं, नशिबानं डॉक्टरला शंका आली. डॉक्टरनं मला केबिनमध्ये बोलावलं. सर तिथंच उभे. शांतपणे म्हणाले, मोनालीनं काढला.

माझं शिकणं बंद. कॉलेजला कळवतील म्हणे, महिनाअखेर जायचं. बाबांना काय तोंड दाखवू. अंगाची आग होऊन राहिली. भीती गेली सगळी, नुसता राग आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

सर जिन्यावरून घसरले. डावी नडगी टम्म सुजली. टेबलावर झोपवलं, फोटो काढायला मीच.

त्यांनी हात जोडले. माझ्यासमोर. अक्षर लाव मोनाली, तुझ्या पाया पडतो, म्हणाले. डबी माझ्या खिशात होती, बोटांना लागत होती.

मी म्हटलं, लावून देऊ ना सर नंतर.

भोक आलं. तिरपा आर आला. मी कॉम्प्युटरवर आर झाकून एल लावला, जसं त्यांनीच शिकवलं. डॉक्टरनं पुन्हा काढायला सांगितला, मी पुन्हा तसाच काढला. सर ओरडत होते की हा माझा पाय नाही. दुखण्यात माणूस काहीही बोलतो, असं मी सगळ्यांना सांगितलं.

२७ जानेवारी, सोमवार

कापला. गुडघ्याखाली. कापल्यावर पाहिलं तर हाड धडधाकट.

मला वाईट वाटायला पाहिजे. नाही वाटलं. बरं वाटलं, डिंपलसाठी, रुख्मासाठी, माझ्यासाठी. आज पोटभर जेवली.

२९ जानेवारी, बुधवार

डबीत एल आहे. आर नाही. खोली पालथी घातली.

सुभद्राबाई विचारते, काऊन लंगडून राहिली? मी लंगडत नाही. तिला म्हटलं, आता तर रुख्माचा हिशेब झाला ना. ती म्हणाली, तिले हेमेंद्र का नि तू का. हातानं अक्षर लावलं का नाही, येवढंच ते पाहते.

३० —

उजवी नडगी. आतून. कातडीखाली काहीतरी टणक — बोटानं चाचपलं तर एक उभी रेघ, एक गोलाई — आणि एक तिरकी —

बाबांचा फोन आला. उचलला नाही.

३१ जानेवारी

दोन्ही पाय सुजले. डावा चांगला आहे. डावा चांगला आहे. सगळ्यांना सांगितलं. पेनानं पायावर लिहिलं, पुसून जाते. पुन्हा लिहिलं —

१ फेब्रुवारी

दुपार. टेबलावर आहे. वही छातीशी धरली, कोणी काढून घेऊ नये म्हणून. नवीन बाई आली आहे, शिशाचा एप्रन घातलेली, तोंड दिसत नाही. चालताना फक्त उजव्या पायावर टेकून टेकून — मी सांगितलं, दुखतो तो उजवा. पुन्हा सांगितलं. बाबांचा एल डाव्या पायाशी ठेवा म्हटलं, हात जोडले, डबी पुढं केली —

डबीला हात लावत नाही.

म्हणते, लावून देऊ ना बाई नंतर —

डावा धरला. गार हात. मी ओरडते तर बाहेर सगळे म्हणतात दुखण्यात माणूस —