कडुलिंब आड येत नव्हता

युसूफ वडगाव, ता. केज
३ जून २०२४

ती. चतुराबाई मावशींना अंजनाचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? ऋतुजा बारावी पास झाली, एकाहत्तर टक्के. नव्या खोलीत उकाडा लई, पण पाणी रोज येतं. यांची डेअरीतली नोकरी सुरळीत चालली आहे.

फोनवर हे बोलायला मी तीनदा गेले. तुम्ही "जेवलीस का गं लेकरा?" म्हणालात की पुढं तोंडच उघडेना. म्हणून लिहिते.

पाटोद्याला तुमच्या खोलीत राहायला आलो तेव्हा टीव्हीवर नुसते चौकोन यायचे, आठवतं? "गच्चीला भोक तेवढं पाडू नका," एवढीच तुमची अट. मग आम्ही तेलाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून त्यात डिशच्या छत्रीचा पाइप उभा केला. हे वर छत्री जराजरा फिरवत होते, मी जिन्यात, तुम्ही टीव्हीसमोर. "आलं! गेलं! आलं बघ!" तुमच्या आवाजानं शेजारचे बाहेर आले. डबा कठड्याच्या कोपऱ्यात सरकवला आणि चित्र स्वच्छ दिसायला लागलं. तुमच्या अंगणातला कडुलिंब तेव्हाही तिथंच होता, मावशी.

मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तेवढाच विरंगुळा. सारा जन्म मेंढरांमागं हिंडलेला माणूस, मेंढरं विकून एका खोलीत येऊन बसला. ऐकायला कमी येतं म्हणून टीव्हीचा आवाज मोठा. जानेवारीत ऋतुजा पुस्तक मांडीवर घेऊन रडायला लागली. "मामा, परीक्षा होईस्तोवर बंद ठेवा," एवढं म्हणायचा धीर मला झाला नाही. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले आणि छत्रीची वायर ढिली करून आले.

"कावून दिसंना गं?" मामांनी विचारलं.

"कडुलिंबाची फांदी आड येतीय. मावशी तोडू देत न्हाईत."

नुसती फांदी सांगितली असती तर ते कुऱ्हाड घेऊन निघाले असते, म्हणून तुमचं नाव जोडलं. तुम्हाला मी कधी विचारलंही नव्हतं.

त्या दिवसापासून मामांनी तुमच्याकडचा चहा सोडला. "तुझ्या सासऱ्याचं काय बिनसलंय?" तुम्ही मला विचारलंत. तब्येत बरी नाही, असं मी सांगितलं. पुढं मार्चमध्ये, झाडाखाली गोधड्या शिवायला जमलेल्या बायांसमोर, ते तुमच्यावर ओरडले, "एका फांदीपायी म्हाताऱ्या माणसाचा जीव घेती का गं बाई?" तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी मान खाली घालून सुईत दोरा ओवत राहिले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माणूस बोलावून अख्खं झाडच पाडलंत. "फांदी पुन्हा वाढंल, पुन्हा भांडण," म्हणालात. तेव्हा ऋतुजाचा एकच पेपर उरला होता.

मी वर जाऊन वायर घट्ट केली. टीव्ही लागला. मामांनी तुम्हाला हात जोडले, तुमचेही डोळे भरून आले. तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आणि मग यांची बदली झाली, तेव्हा खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

गेल्या महिन्यात फोनवर तुम्ही म्हणालात, आता अंगणात ऊन, बाया येत नाहीत. एकटीच आत बसून टाके घालते, पण दिसत नाही. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

काल मामांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला फसवलंस ते ऱ्हाऊ दे. पण त्या बाईला मी चारचौघींत बोललो, ते आता माघारी कसं घेऊ?"

रविवारी ते तुमच्याकडं येणार आहेत. त्यांना घरात घ्या, त्यांचा दोष नाही. मीही सोबत येतेय. गोधडीच्या सगळ्या बायांना त्या दिवशी बोलावून ठेवा, मावशी. ज्यांच्यासमोर तुम्ही ते ऐकून घेतलंत, त्यांच्यासमोरच मला बोलायचं आहे. नंतर मला दारात उभं करायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुम्हाला विनाकारण वाईट ठरवणारी,
अंजना