केबलमधलं पाणी

बाबा,

मी कामाला निघालेय, तुम्हाला उठवलं नाही. रेडिओ संच विकत घ्यायला येणाऱ्या माणसाला आज परत पाठवा.

परवाच्या हौशी रेडिओवाल्यांच्या यूएचएफ स्पर्धेत, त्या अगदी लहान लहरींवर, दिवसभर संचावरून हाका मारूनही कुणी ओ दिली नाही, तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझे कान गेले, आता हे काढून टाका." आज पहाटे गच्चीवर जाऊन मी अँटेनाची केबल उघडली. वरच्या जोडात पाणी शिरलंय, आतली तांब्याची जाळी हिरवी पडलीये. इतक्या लहान लहरींवर ओली केबल जवळजवळ सगळी शक्ती गिळते. तुमचे कान थोडे कमी झालेत, हे मी नाकारत नाही. पण तुमची हाक कुणापर्यंत पोचलीच नाही, त्यात कानांचा काय दोष?

आई म्हणते, "झालं! आता बापलेकीचा मुक्काम पुन्हा गच्चीवर." असू दे. तुम्ही मात्र शिडी चढू नका. पहाटेपासून शिडीवर चढ-उतार करून मी इतकी दमलेय की तुम्हाला सावरायचंही बळ नाही.

संध्याकाळी नवी केबल आणते. एकदा हाक मारून बघा. तेव्हाही कुणी ओ दिली नाही, तर संच मी स्वतः खोक्यात भरून देईन.

धाकटी