दोन मतांनी

ब्रॅकनशॉ, २ मे १९७२

प्रिय मेव्हिसताईस, विल्फचा सा. न. वि. वि.

शेवटचा सामनाही आम्ही एक-शून्य हरलो आणि तळाच्या चारांत अडकलो. आता जूनमध्ये लंडनला बैठक. आम्हाला फुटबॉल लीगमध्ये ठेवायचं की हाकलायचं, ते बाकीचे क्लब मत देऊन ठरवणार. आमच्या जागेवर डोळा ठेवून दाराशी उभे आहेत हार्लोफील्डवाले.

गंमत पुढेच आहे. त्यांचे अध्यक्ष पिकर्सगिल काल माझ्याच घरी चहाला आले. म्हणाले, ब्रॅकनशॉची मॅनेजरकी सोड, आम्ही लीगमध्ये आलो तर आमचा मॅनेजर तूच. पगार दीडपट, वर गाडी. म्हणजे ब्रॅकनशॉ बुडालं तर माझं भलं! आमचे अध्यक्ष एंट्विसल, ते खाटीक गं, त्यांना यातलं काही ठाऊक नाही. ते भेटले की माझी मान खाली जाते. काय करू ते कळव. सिरिलभावोजींना नमस्कार.

तुझा,
विल्फ

व्हिटबी, ६ मे

चि. विल्फ, अ. उ. आ.

यात विचारायचं काय? हो म्हण! अकरा क्लबांतून खेळलास, ब्रॅकनशॉ बारावं. बारा गावचं पाणी प्यालास आणि अजून भोळा तो भोळाच. त्या एका क्लबाने तुला विकलं, तेव्हा तू संघाच्या बसमध्ये सँडविच खात होतास; बातमी ड्रायव्हरने दिली. तुला कुणी विचारलं होतं? मग आता तू कुणाला विचारतोस? चाळिशी उलटली, गुडघे गेले. निष्ठेवर शेगडीला कोळसा मिळत नाही, बाबा.

आमचं मासे तळण्याचं दुकान बरं चाललंय. सिरिलने परवा हात भाजून घेतला, काळजी नको. उत्तर लवकर धाड.

तुझी,
मेव्हिस

ब्रॅकनशॉ, २१ मे

प्रिय ताईस, सा. न. वि. वि.

रागावू नकोस. मी एंट्विसलना सगळं सांगून टाकलं. त्यांनी सुरा खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, जा पोरा, तुझ्या जागी मी असतो तर कधीच गेलो असतो. शिव्या घातल्या असत्या तर जाणं सोपं होतं. त्याच संध्याकाळी पिकर्सगिलना नाही म्हणून कळवलं.

तेव्हापासून आम्ही दोघं मतं मागत फिरतोय. एंट्विसल प्रत्येक क्लबात स्वतःच्या हातचा, डुकराचं मांस भरून भाजलेला 'पोर्क पाय' नेतात. एका अध्यक्षांनी अख्खा पोर्क पाय संपवला, मिशा पुसल्या आणि मग सांगितलं की मत हार्लोफील्डला कबूल केलंय. वर विचारतात, आणखी एक आहे का! एंट्विसलनी तोही दिला.

ताई, मी अकरा वेळा सामान बांधलं. कधी त्यांनी काढलं, कधी मीच जास्त पगाराला भुलून निघालो. इथली पोरं वाईट नाहीत गं. त्यांना वाईट खेळायला मीच शिकवलं असेल, तर निस्तरायचंही मीच.

तुझा हट्टी,
विल्फ

लंडन, ३ जून

प्रिय ताईस, सा. न.

गेलो. दोन मतांनी. हार्लोफील्ड आत, आम्ही बाहेर.

जिन्यात पिकर्सगिलनी गाठलं. खुर्ची अजून रिकामी आहे म्हणाले. एंट्विसल दोन पायऱ्या खाली पाठ करून उभे होते. त्यांना रडू आवरत नव्हतं. मी म्हटलं, अभिनंदन, पण मला गुरुवारी सराव घ्यायचा आहे.

आता गिरणीच्या आणि खाणीच्या संघांशी खेळायचं. पगार निम्मा होईल. नऊ खेळाडू जाणार, सहा राहणार. बाकीचे शोधीन. चार वर्षं लागोत की दहा, हा क्लब मी परत वर नेणार. १२ ऑगस्टला पहिला सामना, आमच्याच मैदानावर.

खूप थकलोय. तुझं म्हणणं ऐकलं नाही, त्याची क्षमा कर.

विल्फ

व्हिटबी, ७ जून

चि. विल्फ, अ. उ. आ.

तू गाढव आहेस. दोन दिवस मी तुझ्या नावाने खडे फोडले. तिसऱ्या दिवशी सिरिल हळूच म्हणाला, शिव्या देताना तू हसत होतीस.

१२ तारखेला दुकान तो सांभाळेल, मी येतेय. स्टेशनवरून मैदानाकडे कोणती बस येते ते कळव. तुझा पत्ता मी आजवर वहीत पेन्सिलीने लिहीत आले, दरवेळी खोडायला बरा म्हणून. आज तो शाईने लिहिला.

जपून राहा, पोटभर जेव. माया होतीच, आता थोडी जास्त आहे.

तुझी,
मेव्हिस